शब्दचर्चा : कृष्णविवरे ‘आदळतात’ की ‘एकजीव होतात’?

शाळकरी मुलांसाठी निघणाऱ्या एका विज्ञान त्रैमासिकाचे मुद्रितशोधन मी गेली काही वर्षे करते. मागच्या एका अंकात ‘दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली आणि त्या टकरीतून गुरुत्वीय लहरी निघाल्या’ हे वाक्य माझ्या नजरेखालून गेले आणि मला त्यात काहीही खटकले नाही. महिन्याभराने नववीतल्या एका मुलीचे पत्र आले. तिने वहीच्या पानावर दोन वाटोळे खड्डे काढले होते, त्यांच्या मधोमध समोरासमोर येणारे दोन बाण, आणि खाली लिहिले होते, ‘विवर म्हणजे खड्डा. खड्डा म्हणजे जिथे काही नसते ती जागा. मग दोन खड्डे एकमेकांवर कसे आदळतील?’ हा प्रश्न खगोलशास्त्राचा आहे तितकाच मराठीचाही आहे, म्हणून तो येथे चर्चेला ठेवते.

आधी नामाविषयी. ‘विवर’ हा शब्द वि + वृ, म्हणजे उघडणे, या धातूपासून आला. ‘विवरण’ म्हणजे उलगडून सांगणे हेही त्याच धातूचे रूप. कर्णविवरातले विवर, चंद्रावरची विवरे, लोणारचे बेसाल्ट खडकातले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, या सर्वांत पोकळी आहे, कड आहे, आणि पोकळीभोवती काहीतरी भरीव आहे. कृष्णविवरात याच्या नेमके उलटे आहे. तेथे कल्पनेपलीकडचे वस्तुमान लहानशा जागेत कोंबलेले असते. सूर्याएवढे वस्तुमान कृष्णविवर होण्यासाठी जेमतेम तीन किलोमीटर त्रिज्येत मावावे लागेल. म्हणजे मुलीने विवराचा जो अर्थ लावला तो शब्दाला धरूनच होता. वस्तूच शब्दाला धरून नाही.

हा दोष मराठीने आणलेला नाही. इंग्रजीतले ‘ब्लॅक होल’ १९६४ साली छापील मजकुरात आढळते आणि १९६७ नंतर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांच्यामुळे ते रूढ झाले. त्याआधी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी या वस्तूंची तुलना कलकत्त्याच्या ‘ब्लॅक होल’ नावाच्या १७५६ सालच्या कोठडीशी करीत, असे त्यांचे समकालीन सांगत. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याच कोठडीला ‘अंधारकोठडी’ म्हटलेले आहे, म्हणजे ‘ब्लॅक होल’ या जोडशब्दाचा एक मराठी पर्याय फार पूर्वीपासून आपल्याजवळ होता. फक्त तो तुरुंगासाठी होता. रशियन शास्त्रज्ञ त्या काळात ‘गोठलेला तारा’ म्हणत, कारण दूरच्या निरीक्षकाला कोसळता तारा क्षितिजापाशी, म्हणजे जिच्या आतून काहीच बाहेर येऊ शकत नाही त्या सीमेपाशी, मंदावत जाऊन थांबल्यासारखा दिसतो. मला वैयक्तिकरीत्या ‘थिजलेला तारा’ अधिक आवडला असता, कारण थिजताना तूप तेच राहते आणि फक्त त्याचे वाहणे थांबते. परंतु १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेल्या कथेचे नावच ‘कृष्णविवर’ होते, ती पहिली आली, आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत हा शब्द मराठीत पक्का रुजला. रुजलेले नाम उपटू नये, असे माझे ठाम मत आहे. मात्र हा सामासिक शब्द असल्यामुळे तो जोडूनच लिहावा; ‘कृष्ण विवर’ असे तोडले की ‘कृष्ण’ हे साधे विशेषण होते आणि वाचकाला पुन्हा काळा खड्डाच दिसू लागतो.

बदलायला हवीत ती या नामाभोवतीची क्रियापदे, आणि गेल्या दहा वर्षांतल्या शोधांनी ती गरज फार वाढवली आहे.

पहिले क्रियापद ‘आदळणे’. मराठीत आदळण्यासाठी कठीण पृष्ठ लागते : भांडे फरशीवर आदळते, लाट खडकावर आदळते. कृष्णविवराच्या घटनाक्षितिजाशी असे कोणतेही कठीण पृष्ठ नाही. ती केवळ एक सीमा आहे, जिच्या आतल्या घटनेची वार्ता बाहेर पोचू शकत नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या प्रकल्पाच्या, गुरुत्वीय लहरी (म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग) टिपणाऱ्या दोन वेधशाळांनी पहिल्यांदा टिपलेल्या घटनेत साधारण ३६ आणि २९ सौरवस्तुमानांची कृष्णविवरे एकमेकांभोवती वेगाने फिरत जवळ आली आणि त्यांचे ६२ सौरवस्तुमानांचे एकच कृष्णविवर झाले. उरलेली तीन सौरवस्तुमाने ऊर्जेच्या रूपाने गुरुत्वीय लहरींतून निघून गेली. येथे काही फुटले नाही आणि तुकडे उडाले नाहीत. याउलट १७ ऑगस्ट २०१७ रोजी टिपलेल्या घटनेत दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मृत ताऱ्यांचे अतिघन गाभे, होते. त्यांना खरोखरीचे पृष्ठ असते, त्यांचे द्रव्य बाहेर फेकले गेले, लहरींनंतर सुमारे १.७ सेकंदांनी गामा किरणांचा स्फोट दिसला आणि त्या द्रव्यात जड मूलद्रव्ये तयार झाल्याच्या खुणा दुर्बिणींना मिळाल्या. तेथे ‘आदळले’ हे क्रियापद शंभर टक्के योग्य आहे. दोन्ही घटनांना एकच क्रियापद वापरले की त्यांच्यातला सर्वांत महत्त्वाचा फरक वाक्यातूनच पुसला जातो.

मग कृष्णविवरांसाठी काय लिहावे? ‘विलीनीकरण’ हा शब्द पारिभाषिक लेखनात चालेल, पण त्याची सवय आपल्याला संस्थानांमुळे आणि बँकांमुळे झालेली आहे. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा प्रांत उरला आणि संस्थान संपले. मीठ पाण्यात विलीन होते तेव्हा पाणी पाणीच राहते. ‘संगम’ घ्यावा तर कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन मिळतात, तरी पुढे नाव कृष्णेचेच चालते. येथे मात्र दोघांपैकी कोणीच उरत नाही, तिसरेच उरते. मला सुचलेला शब्द स्वयंपाकघरातला आहे : ‘एकजीव होणे’. बेसन आणि पाणी कालवताना आधी गुठळ्या दिसतात, पळी फिरत राहिली की त्या मोडत जातात, आणि मिश्रण एकजीव झाले की कुठले काय होते ते सांगता येत नाही. कृष्णविवरांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. एकत्र आल्यावर नवे कृष्णविवर क्षणभर थरथरते, घंटेचा नाद विरावा तशी त्याची कंपने विरतात, आणि मग त्याचे वर्णन करायला केवळ वस्तुमान आणि परिवलन पुरते. दोन मूळ वस्तूंची वेगळी खूण उरत नाही.

हा विरता नाद सर्वांत स्पष्ट ऐकू आला तो १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेल्या अशाच एका घटनेत. (‘ऐकू आला’ हे अर्थातच रूपक आहे, गुरुत्वीय लहरी म्हणजे ध्वनी नव्हे.) स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली मांडले होते की घटनाक्षितिजांचे एकूण क्षेत्रफळ अशा प्रसंगी कमी होऊ शकत नाही. या घटनेत दोन्ही क्षितिजांचे मिळून आधीचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते आणि नंतरचे सुमारे ४ लाख निघाले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ साधारण ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आधी दोन्ही मिळून महाराष्ट्रापेक्षा लहान असलेले क्षितिज नंतर महाराष्ट्रापेक्षा बरेच मोठे झाले. एकजीव होताना वस्तुमान घटले, पण क्षेत्रफळ वाढले. ‘टक्कर’ या शब्दात यातले काहीच मावत नाही.

दुसरे क्रियापद ‘गिळणे’, आणि त्याची भावंडे ‘गिळंकृत करणे’, ‘ओढून घेणे’, ‘खेचून घेणे’. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले तर पृथ्वी अंधारात पडेल आणि गोठेल, परंतु तिची कक्षा बदलणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या गाया या अवकाशयानाच्या निरीक्षणांतून गरुड तारकासमूहात, सुमारे दोन हजार प्रकाशवर्षांवर, जवळपास ३३ सौरवस्तुमानांचे एक सुप्त कृष्णविवर सापडले, ते त्याने काही ओढले म्हणून नव्हे. एक साधा तारा सुमारे ११.६ वर्षांत एका न दिसणाऱ्या वस्तूभोवती निमूटपणे फेरी घालतो आहे, एवढ्यावरूनच ते ओळखता आले. तारा फारच जवळ गेला तर त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरील ओढीतल्या फरकाने तो शेवयांसारखा ताणला जाऊन विदीर्ण होतो; पण तेव्हाही त्याचे साधारण निम्मे द्रव्य बाहेर फेकले जाते. आणि २०२४ सालीच जाहीर झालेले, एका दीर्घिकेतल्या कृष्णविवराने बाहेर फेकलेले ‘पोर्फिरिऑन’ नावाचे झोत तर सुमारे २.३ कोटी प्रकाशवर्षे लांब आहेत. ते ज्या दीर्घिकेतून निघतात ती शोधताना नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीचा उपयोग झाला. इतके बाहेर टाकणाऱ्या व्यवस्थेला केवळ ‘गिळणारी’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

एक शब्द मात्र नकळत फार चपखल बसला आहे. १० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ दीर्घिकेच्या केंद्रातील ६.५ अब्ज सौरवस्तुमानांच्या कृष्णविवराचे आणि १२ मे २०२२ रोजी आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराचे चित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी ‘छायाचित्र’ लिहिले. पृथ्वीभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींतून जुळवलेली ती प्रतिमा आहे, त्यामुळे काटेकोर माणूस ‘प्रतिमा’ म्हणेल. परंतु तेजस्वी कड्याच्या मधोमध जे काळे दिसते त्याला शास्त्रज्ञ कृष्णविवराची छायाच म्हणतात. छायेचे चित्र ते छायाचित्र.

जाता जाता शुद्धलेखनाचा एक मुद्दा. एकवचन ‘लहर’, अनेकवचन ‘लहरी’, आणि सामान्यरूप ‘लहरींचा’. ‘गुरुत्वीय लहरीचा शोध’ असे अनुस्वाराविना वारंवार छापले जाते. ते चूक आहे.

प्रतिसाद १

मी भूगोल शिकवतो. लोणारची सहल नेली की दरवर्षी एखादा विद्यार्थी ‘सर, हे कृष्णविवर का?’ असे विचारतो, कारण तेथला खडक काळा आहे. तेव्हा नामाचा घोळ तुम्ही मानता त्यापेक्षा मोठा आहे. बंगालीत ‘कृष्णगह्वर’ म्हणतात. आपण निदान ‘गर्त’ घ्यावे का? ‘एकजीव’ हा शब्द मला पटला, पण निर्जीव वस्तूंना ‘जीव’ चिकटवणे पारिभाषिक दृष्ट्या बरे दिसेल का, अशी शंका आहे.

प्रतिसाद २

‘गिळणे’ सरसकट बाद करू नये, अशी विनंती. घटनाक्षितिजाच्या आत गेलेले द्रव्य परत येत नाही, आणि त्या द्रव्याने कृष्णविवराचे वस्तुमान वाढते. एम ८७ मधले कृष्णविवर अब्जावधी सूर्यांएवढे झाले ते काही उपाशी राहून नव्हे. या क्रियेला ‘गिळणे’ म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? शिवाय २०२३ साली स्पंदकांच्या (नियमित ठोके देणाऱ्या, फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून जी मंद, वर्षानुवर्षांच्या आवर्तनाची गुरुत्वीय लहरींची पार्श्वभूमी आढळली, तिच्यासाठी बातम्यांत ‘घरघर’ वाचल्याचे आठवते. त्याबद्दलही लिहावे.

लेखिकेचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार.

‘गर्त’ आणि ‘गह्वर’ हेही खड्डेच आहेत, त्यामुळे अडचण तशीच राहील आणि रुजलेला शब्द मात्र हातचा जाईल. लोणारच्या बाबतीत ‘उल्काविवर’ किंवा ‘आघातविवर’ असे पहिले पद न चुकता लावले तर गोंधळ बराच कमी होईल, असे वाटते. ‘एकजीव’ मधल्या ‘जीव’ विषयी म्हणाल, तर पिठातही जीव नसतो आणि आपण ते बिनदिक्कत एकजीव करतो. शब्दाचा अर्थ वापरातून ठरलेला आहे. तरीही पारिभाषिक कोशात ‘विलीनीकरण’ आणि मुलांसाठीच्या व सर्वसाधारण लेखनात ‘एकजीव होणे’ अशी वाटणी मला मान्य आहे.

‘गिळणे’ विषयीची दुरुस्ती मी स्वीकारते. मी दोन वेगळ्या क्रिया एकाच टोपलीत टाकल्या होत्या. क्षितिजाच्या आत गेले ते गिळले, हे बरोबर. दुरून ‘ओढून घेतले’, हे चूक. म्हणजे बाद करायचे ते ‘खेचून घेणे’. ‘गिळणे’ फक्त सीमेच्या आतल्या गोष्टीपुरते राखून ठेवावे.

‘घरघर’ मात्र नको. जात्याची घरघर मंद आणि अखंड असते, म्हणून तो शब्द कोणाला सुचला असावा, पण मराठीत घरघर लागते ती शेवटच्या घटकेला. ज्या निरीक्षणांत खोडदच्या अद्ययावत जीएमआरटीचा आणि भारतीय चमूचा सहभाग होता, त्यांत तर बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या असंख्य जोड्या अजून एकमेकींभोवती फिरत असल्याची चाहूल आहे. ‘गुंजन’ बरा आहे. ‘घुमणे’ त्याहून बरे, कारण गाभाऱ्यात घुमणारा नाद एका ठिकाणाहून येत नाही, सगळीकडून येतो, आणि या पार्श्वभूमीचेही तसेच आहे.

त्या मुलीला काल उत्तर पाठवले. पुढच्या अंकात दुरुस्ती म्हणून जाणारे वाक्य तिच्याकडून आधी वाचून घेतले आहे : ‘दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत फिरत एकजीव झाली, आणि त्या वेळी निघालेल्या गुरुत्वीय लहरींमधून तीन सूर्यांएवढे वस्तुमान ऊर्जा होऊन निघून गेले.’ तिने ‘निघालेल्या’ आणि ‘निघून’ ही पुनरुक्ती दाखवून दिली. तेथे आता ‘उठलेल्या’ केले आहे.