वामनदादा कर्डकांची गाणी अभ्यासायची तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : रानवारा
भीमजयंतीला आमच्या वस्तीत जी गाणी लागतात, त्यांपैकी बरीच लोककवी वामनदादा कर्डक यांची आहेत, असे वडीलधारे सांगतात. ध्वनिफितींवर मात्र बहुतेक वेळा गायकाचेच नाव ठळक दिसते. दादांचे आयुष्य आणि त्यांची रचना समजून घेण्यासाठी आधी काय पाहावे?

उत्तर : गोदाकाठ
दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला आणि पोटापाण्यासाठी ते मुंबईत आले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या तरुणाकडे एकाने पत्र वाचून घेण्यासाठी दिले, तेव्हा ते वाचता येईना, याची त्यांना अतिशय लाज वाटली. त्यानंतर एका मास्तरांकडून बाराखडी शिकून, रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी अक्षर पक्के केले. १९४३ पासून ते गाणी रचू लागले आणि पुढे जन्मभर गावोगावी स्वतःच गात हिंडले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. माझ्या मते ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे आत्मकथन आधी वाचावे.

उत्तर : ढोलकीवाला
वर सांगितले ते योग्यच आहे, पण दादांना केवळ जयंतीचे कवी मानणे मला अन्यायाचे वाटते. टाटा, बिर्ला, बाटा यांच्याकडे धनाचा साठा आहे, तर त्यात आमचा वाटा कुठे आहे, असा थेट हिशेब मागणारे त्यांचे गाणे घ्या. बाटा, टाटा, साठा, वाटा ही यमके एकदा ऐकली की श्रोता दुसऱ्या फेरीला आपोआप साथ धरतो, आणि ज्या मजुराला अर्थशास्त्राचे पुस्तक कधीच मिळणार नाही, त्याच्या तोंडी विषमतेचा नेमका प्रश्न बसतो. अक्षरओळख उशिरा झालेल्या या कवीचा कान किती तयार होता, हे तिथे कळते. म्हणून पुस्तक हातात घ्याच, पण गाणी आधी ऐका.

उत्तर : गोदाकाठ
हे मान्य आहे. नावाच्या शंकेबद्दल एक सांगतो : शेवटचे कडवे लक्ष देऊन ऐकावे, कारण दादा अनेकदा तिथे ‘वामन’ ही आपली नाममुद्रा गुंफतात. गायक वेळेअभावी नेमके तेच कडवे गाळतात, तेव्हा कवीचे नावही गळते. आपल्या वस्तीतील गायन पार्टीला या जयंतीला गाणे पूर्ण गाण्याची विनंती अवश्य करावी.