प्रतिसाद: ड्रमरचा अल्बम म्हणजे नुसते सोलो?
ड्रमर बँडचा लीडर असला की अल्बमभर ड्रम सोलोच ऐकावे लागतात असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. जॅझ ड्रमर टोनी विल्यम्सचा 'लाइफ टाइम' ऐका, ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी ऑगस्ट १९६४ मध्ये रेकॉर्ड झालेला, तेव्हा पोरगा अवघा १८ वर्षांचा आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये आधीपासूनच वाजवत होता. शेवटचा ट्रॅक 'बार्ब्ज साँग टू द विझर्ड' ही त्याचीच रचना, पण त्यात तो वाजवतच नाही, फक्त हर्बी हॅनकॉकचा पियानो आणि रॉन कार्टरचा बास! लीडर म्हणून पहिलाच अल्बम, कव्हरवर आपलं नाव, आणि तिथे स्टिक्स खाली ठेवायच्या म्हणजे केवढी समज लागते त्या वयात. याच अल्बममधल्या 'टू पीसेस ऑफ वन'मध्ये तर दोन-दोन बासवाले घेतलेत, गॅरी पीकॉक नि रिचर्ड डेव्हिस, ते हेडफोन लावूनच ऐका.