विंडोज ११ टाकल्यापासून नॅस उघडेना, रॅमही फुल

चोपडा_जिनिंग:
ऑफिसातले चारही पीसी विंडोज १० प्रोवरून ११ प्रो २४एच२ वर नेले. टॅलीचा बॅकअप आणि काटापावत्या एका जुन्या नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) ठेवतो, त्याला पासवर्ड नाही. आता फोल्डर उघडायला गेलं की गेस्ट अ‍ॅक्सेस ब्लॉक असल्याचा मेसेज येतो. पिंग लागतं. दुसरं म्हणजे, काट्याजवळच्या पीसीची ८ जीबी रॅम दुपारपर्यंत ९० टक्के भरते, पण टास्क मॅनेजरात प्रोसेसची बेरीज ३ जीबीही होत नाही. रोज रात्री शट डाऊन करतो, तरी सकाळी ती अर्धी भरलेलीच. कापसाचा सीझन तोंडावर आहे भो, परत १० टाकू का?

जळगाव_लॅन:
१० नको, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.
नॅस ठणठणीत आहे. २४एच२ प्रोमध्ये एसएमबी (नेटवर्कवरून फाइल उघडायचा प्रोटोकॉल) साइनिंग, म्हणजे पाठवलेल्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही, सक्तीचं झालं. साइनिंगची किल्ली लॉगिनच्या पासवर्डावरून बनते; गेस्टला पासवर्डच नाही, मग सही कशाने करणार? नॅसच्या सेटिंगमध्ये युजर बनवा, पासवर्ड द्या, त्या फोल्डरला रीड-राइट द्या, किमान प्रोटोकॉल एसएमबी २ ठेवा. मग प्रत्येक पीसीवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये नॅसचा आयपी, युजर, पासवर्ड भरा. साइनिंग बंद करून गेस्ट चालू करायचे व्हिडिओ सापडतील. तसं केलं तर तुमच्या वायफायवर येणारा कोणीही पावत्या उघडेल. नॅसला फक्त एसएमबी १ येत असेल तर तो बदलाच.

धुळेकर_हार्डवेअर:
रॅमसाठी टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे खाली ‘नॉन-पेज्ड पूल’ (विंडोज आणि ड्रायव्हर वापरतात ती, कायम रॅममध्येच राहणारी मेमरी) बघा. काहीशे एमबी ठीक. जीबीत असेल तर ड्रायव्हर गळतोय, म्हणजे घेतलेली मेमरी परत सोडत नाही, आणि तो पूल प्रोसेसच्या यादीत दिसत नाही. शट डाऊनने जात नाही, कारण फास्ट स्टार्टअप कर्नल (विंडोजचा गाभा) डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तसंच्या तसं परत आणतं. रीस्टार्ट करा, त्याने पूल रिकामा होतो.

चोपडा_जिनिंग:
युजर बनवला, नॅस चारही पीसीवर उघडला. पूल मात्र ३.४ जीबी! रॅम वाढवू का?

धुळेकर_हार्डवेअर:
नको, १६ टाकली तरी तीही भरेल. रीस्टार्टनंतर नॅसवर १० जीबीची फाइल कॉपी करा आणि पूलवर नजर ठेवा. कॉपीबरोबर चढला आणि नंतर उतरला नाही, तर संशय लॅन ड्रायव्हरवर. अपग्रेडमध्ये तो बऱ्याचदा बदलला जातो. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून ११ साठीचा टाका. तरीही चढत राहिला तर रजिस्ट्रीत सर्व्हिसेसखाली ‘एनडीयू’मध्ये (नेटवर्कचा डेटा वापर मोजणारा ड्रायव्हर) ‘स्टार्ट’ २ चं ४, म्हणजे बंद, करून रीस्टार्ट. डेटा वापराचे आकडे दिसणं बंद होईल, काट्याच्या पीसीला त्यांचं काय काम! त्यानेही नाही थांबलं तर पूलमॉन (पूल कुठल्या टॅगने किती खाल्ला ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) चालवा, बी दाबून बाइट्सप्रमाणे लावा आणि सगळ्यात वरचा नॉनपेज्ड टॅग इथे टाका.