प्रतिसाद: मॅलीची झाडं आणि नांगर

वर कोणीतरी विचारलंय की दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वसाहतकऱ्यांनी झाडं मुळासकट काढून मगच नांगर का नाही घातला. तिथला मॅली हा झाडोरा निलगिरीच्याच कुळातला. त्याच्या बुडाशी जमिनीखाली लाकडाची मोठी गाठ असते आणि खोडं तोडली की तिच्यातूनच पुन्हा धुमारे फुटतात. प्रत्येक गाठ खणत बसलं तर एका कुटुंबाचा जन्म त्यातच जायचा.

म्हणून आधी जड रूळ बैलांकरवी ओढून झाडोरा आडवा करायचा, वाळू द्यायचा आणि उन्हाळ्यात पेटवायचा. गाठी जमिनीतच राहायच्या. साधा नांगर त्यांत अडकला की फाळ तुटे. १८७६ साली रिचर्ड बॉयर स्मिथ यांनी यावर उपाय काढला: प्रत्येक फाळ स्वतंत्र बिजागरीवर. गाठ लागली की तेवढाच फाळ वर उचलला जातो आणि वजनाने परत मातीत बसतो. नांगरट ओबडधोबड होते खरी, पण पेरणी होते.

धुमारे एका जाळण्यात मरत नाहीत. कापणीनंतर गव्हाचं धसकट दाट राहिलं तरच पुढची आग नीट पसरते. पीक विरळ आलं की आगही विरळ, आणि मॅली पुन्हा डोकं वर काढतो. वर आलेल्या गाठी मात्र उत्तम सरपण, हळू आणि कडक जळणारं.

पावसाचं म्हणाल तर तिथला सरकारी भूमापन प्रमुख गॉयडर याने १८६५ मध्येच नकाशावर आखलेली, पिकाला भरवशाचा पाऊस कुठवर पडतो ते दाखवणारी रेषा पाहा. तिच्या उत्तरेला गहू हा जुगारच. १८७० च्या दशकात चांगल्या पावसाला भुलून लोक पलीकडे गेले. तिथली पडकी दगडी घरं अजून उभी आहेत.