आजीसाठी शिवणकामाची पेटी करत आहे : सरकत्या झाकणाबाबत मदत हवी आहे

नमस्कार,

आजीच्या सुया, दोऱ्याची रिळे आणि बटणे एकत्र राहावीत म्हणून मी तिच्यासाठी सागवानी पेटी करायला घेतली आहे. पेटी ३० सेंटीमीटर लांब आणि १८ सेंटीमीटर रुंद असेल. तिची बोटे आता आखडतात, त्यामुळे कडी, चाप किंवा घट्ट बसणारे झाकण नको. अंगठ्याने रेटले की मागे जाणारे सरकते झाकणच हवे. माझे घोडे तिथेच अडले आहे.

लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. रेषांच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीत, हा फरक नगण्य असतो; रुंदीत मात्र तो चांगलाच जाणवतो, आणि वार्षिक वलयांना समांतर कापलेल्या फळीत तो काटकोनात कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट असतो. झाकण दोन्ही लांब बाजूंच्या खाचांतून सरकणार असल्यामुळे रेषा पेटीच्या लांबीला धरून ठेवल्या, तर ते दिसेल देखणे, पण दमट दिवसांत नेमके खाचांच्या बाजूंनी फुगून अडकेल. खाचा आधीच सैल ठेवल्या, तर कोरड्या दिवसांत झाकण खडखडेल. उलट रेषा आडव्या ठेवल्या, तर फुगवटा सरकण्याच्या दिशेने जाईल आणि तिकडे दोन मिलिमीटर मोकळीक ठेवणे सोपे आहे. शिवाय अंगठ्याला टेकू म्हणून जी आडवी, उंचवट्याची पट्टी बसवायची आहे, तीही रेषांना समांतर राहील आणि पूर्ण लांबीभर चिकटवली तरी तडकणार नाही.

भीती एकच आहे. आडव्या रेषांचे आठ मिलिमीटर जाडीचे झाकण अर्धे बाहेर ओढलेले असताना त्यावर चुकून हात टेकला, तर ते रेषेवर चिरेल का? तसे असल्यास जाडी वाढवावी, की चौकट करून तिच्या खाचेत फळी सुटी बसवावी? (प्लायवूडने हा प्रश्न मिटतो हे ठाऊक आहे, पण हाताने केलेल्या भेटीत ते घालणे जिवावर येते.)

सागवान तेलकट असल्याने सांधे चिकटवण्यापूर्वी ते स्पिरिटने पुसून घेणार आहे. पॉलिशसाठी जवसाचे तेल बाहेरून ठीक वाटते, परंतु आत लावल्यास त्याचा वास कापडाला आणि दोऱ्याला धरेल, म्हणून आतून चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) पातळ हात देण्याचा विचार आहे. खाचांना चपडा लावावा, की त्या कोऱ्या ठेवून फक्त मेण घासावे? ज्यांनी अशी पेटी स्वतः केली आहे आणि ती सर्व ऋतूंत वापरून पाहिली आहे, त्यांनी खाच आणि झाकण यांत प्रत्यक्ष किती फट ठेवली, हे कृपया सांगावे.