दहावीच्या पोराला ऑनलाइन प्रायव्हसी समजवायची कशी?

आईसाहेब_नाशिक:
लेकाने यंदा दहावी दिली. हॉलतिकीट हातात आलं त्याच दिवशी साहेबांनी इन्स्टाच्या स्टोरीला टाकलं, मी पण बघून हसले नि सोडून दिलं. रिझल्टच्या दिवशी दुपारी एकला आम्ही लॅपटॉपसमोर, साइट काही उघडेना, आणि तेवढ्यात क्लासच्या ग्रुपवर याच्या मार्कांचा स्क्रीनशॉट, 61 टक्के, खाली हसऱ्या इमोजींची रांग. बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकलं की कुणालाही रिझल्ट दिसतो, आणि दोन्ही हॉलतिकिटावर छापलेलं असतं, हे डोक्यातच आलं नाही हो. पोरगा दोन दिवस धड जेवला नाही. आमचे हे म्हणतात फोन काढून घे. पण अकरावीचं अ‍ॅडमिशन, ओटीपी सगळं त्यावरच. मला ओरडायचं नाहीये, पण समजवायचं कसं?

खडू_फळा:
ताई, मी नववीला शिकवते. सायबर म्हटलं की मागचे बाक झोपतात, म्हणून लेक्चर बंदच केलं. आता एक खोटी प्रोफाइल कागदावर छापून वाटते. युनिफॉर्ममधला फोटो, बिल्डिंगच्या गेटपाशी सायकल, वाढदिवसाचा केक, रोज संध्याकाळी क्लासबाहेरची स्टोरी. म्हणते, दहा मिनिटांत सांगा हा राहतो कुठे आणि एकटा कधी असतो. सगळं शोधून काढतात कार्टी! मग म्हणायचं, आता स्वतःचं अकाउंट असंच बघा. वर्ग चिडीचूप. एका मुलीने तर मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसून अनोळखी फॉलोअर उडवले.

बाबा_पुणेकर:
आम्ही फॅमिली लिंक (पोरांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं अ‍ॅप) लावून निवांत होतो, तर लेकीने आजीच्या फोनवर दुसरं अकाउंट काढलेलं. आजीला वाटायचं नात अभ्यासाचे व्हिडिओ बघतेय 😄 लहान पोरांना ठीक आहे ते, पंधरा-सोळाच्यांना नाही पुरत. इन्स्टाचं टीन अकाउंट 18 खालच्यांना आपोआप प्रायव्हेट असतं, पण जन्मसाल खोटं टाकलं असेल तर काय उपयोग, ते आधी बघा. आणि स्नॅपचॅट असेल तर मॅपवर घोस्ट मोड, म्हणजे लोकेशन लपवायची सेटिंग, आहे ना ते बघायला सांगा, लोकेशन शेअर करणं चालू केलेलं असेल तर पोरगं कुठे आहे ते मित्रयादीतल्यांना दिसत राहतं.

गप्प_बसा:
राग नका मानू, पण बारशापासूनचे फोटो, शाळेचं नाव, वाढदिवस हे सगळं फेसबुकवर टाकलं कुणी? 2023 च्या डेटा कायद्यात 18 खालच्यांचा डेटा घ्यायला आईबापाची परवानगी लागेल असं आहे, इथे आईबापच वाटत सुटलेत. माझी बारा वर्षांची भाची मावशीला म्हणाली, माझा फोटो टाकायच्या आधी विचारत जा. मावशी आठवडाभर फुगून होती.

खडू_फळा:
+1. आणि एक राहिलं. फोटोवरून कुणी धमकावलं तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे आणि सरळ घरी सांगायचं हे आधीच बोलून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. फोन जप्त होणार असं वाटलं की पोरं सांगतच नाहीत, हे तुमच्या ह्यांना सांगा.

आईसाहेब_नाशिक:
काल दोघं बसून माझंच फेसबुक चाळलं. 2014 मधला त्याचा बालवाडीचा फोटो निघाला, गळ्यात आयकार्ड, त्यावर घरचा पत्ता आणि ह्यांचा मोबाइल नंबर अगदी स्वच्छ वाचता येतोय. लेक म्हणतो, "आई, फोन तुझा काढून घ्यायला पाहिजे." डिलीट करत बसलेय, आत्ता कुठे 2017 आलंय.