व्होडका न आणता नायट्रेट उतरेल का? (२०० लिटर रीफ टँक, पुणे)

सहकारनगरचे नाना

राम कृष्ण हरी. आधीच सांगतो, हसू नका.

तीन फुटी रीफ टँक (खाऱ्या पाण्याचं, कोरलचं मत्स्यालय), सम्प म्हणजे खालची फिल्टरची टाकी धरून २०० लिटर पाणी. माशांत क्लाउनची जोडी, एक ग्रामा, पाच डॅमसेल. बाकी सॉफ्ट कोरल: झोआ, मशरूम आणि एक थोरलं लेदर, ते पंधरा दिवस मिटून बसलंय. खाद्य-विष्ठेतून साठणारं नायट्रेट ५०, फॉस्फेट ०.२ (मिग्रॅ/लिटर). दर रविवारी ४० लिटर पाणी बदलतो. ५०चं ४० होतं, पुढच्या रविवारी परत ५०. मिठाची बादली तेवढी रिकामी होते.

ज्याला विचारावं तो म्हणतो, व्होडका टाका. मी माळकरी. वाइन शॉपच्या रांगेत दिंडीतलं कोणी भेटलं, तर ‘माशांसाठी घेतोय’ हे कोणाला पटणार? घरातलं पांढरं व्हिनेगर चालेल का? किती? दहा दिवसांनी वारीला निघायचंय. त्याआधी सुरू करून मुलाला डोस समजावून जाईन म्हणतो.

बाणेर_रीफ

नाना, बिनधास्त चालतं. जिवाणूंना कार्बनशी मतलब, बाटली कुठल्या दुकानातली ते कोण विचारतो! कार्बन खाऊन ते वाढतात आणि वाढताना पाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेट ओढून घेतात. मग स्किमर (बुडबुडे सोडून घाण फेसात ओढणारं यंत्र) त्यांना फेसाबरोबर आपल्या कपात काढतो. स्किमर धड चालत नसेल तर ही सगळी घाण टँकमध्येच फिरत राहते, मग या भानगडीत पडूच नका.

१ मिली व्होडकाच्या जागी साधारण ८ मिली व्हिनेगर धरतात. तुमच्या पाण्याला पहिले तीन दिवस रोज दीड मिली, आठवडा संपेपर्यंत तीन. पुढे दर आठवड्याला रोजच्या डोसात तीन-चार मिलीची वाढ. दोन-तीन आठवडे आकडा हलत नाही, तेव्हाच माणसाचा हात सैल सुटतो. तो आवरा. नायट्रेट उतरायला लागलं की डोस तेवढाच चालू ठेवा, पुढे वाढवू नका. व्हिनेगरने पीएच उतरतो, म्हणून सकाळी लाइट लागल्यावर घाला. सफरचंदाचं किंवा तपकिरी व्हिनेगर नको.

फॉस्फेटवरही लक्ष ठेवा. ते जिवाणूंनाही लागतं. शून्याला टेकलं तर नायट्रेट आहे तिथेच अडकतं, वर डायनोचा (डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा) तपकिरी चिकट थर यायची भीती.

सिंहगड रोडची मावशी

डोस बरोबर आहे, पण नाना, वारीआधी अजिबात सुरू करू नका. मागच्या पावसाळ्यात घाई म्हणून मी एकदम दुप्पट केलं. संध्याकाळपर्यंत पाणी ताकासारखं. त्याच रात्री लाईट गेली, स्किमर बंद. जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्ला आणि सकाळी दोन्ही क्लाउन वाळूवर. अजूनही तो कोपरा बघवत नाही. बॅटरीवरचा एअरपंप मी त्यानंतर घेतला, तुम्ही आधी घ्या. पाणी पांढुरकं दिसलं किंवा स्किमर बंद पडला, तर त्या दिवशी डोस नाही.

आणि खरं सांगा, दिवसातून किती वेळा खायला घालता? फ्रोझन मायसिस (गोठवलेली बारीक कोळंबी) वितळल्यावर त्याचं पाणी गाळून टाकता की तसंच ओतता? फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) कधी बदललात?

सहकारनगरचे नाना

तीन वेळा. तसंच ओततो. सॉकचं विचारू नका.

सहकारनगरचे नाना (आषाढीनंतर दोन महिन्यांनी)

मावशींचं ऐकलं. गोळ्यांच्या डबीत रोजचं मोजून कोरडं खाद्य भरून दिलं, मुलाने दिवसातून एकदाच घातलं. सॉक दर तीन दिवसांनी धुवायला लावला. पंढरपूरहून आलो तर व्हिनेगरचा थेंब न घालता नायट्रेट ४०च्या आसपास. मग डोस सुरू केला, १० मिलीवर थांबलोय. आता टेस्ट किटवर नायट्रेट १० आणि २५च्या मधल्या रंगावर, फॉस्फेट ०.०८. लेदर उघडलंय. स्किमरच्या कपाला असा वास येतो की तो धुवायची जागा घरच्यांनी बदलून दिली, गच्ची.

परवा दिंडीतले एक बुवा घरी आले होते. टँकशेजारची बाटली बघून म्हणाले, यात काय? म्हटलं, व्हिनेगर. ‘असं का,’ म्हणाले, आणि झाकण उघडून वास घेतलाच.